जॉबकार्डावर न लिहिलेलं

नाही मॅडम, टोकन आहे न माह्याजवळ, हे पाहा, सतरा नंबर — ते तिकडचे साहेब मले दोनदा बोलावून गेले, पण मी म्हटलं, नाही, मी याच टेबलावर बसतो, कितीही वेळ लागो. काहून म्हणजे? हे दुर्गेशचं टेबल आहे. होतं. आता तुमचं — जया, हो, बिल्ल्यावर वाचलं मी. लिहा न तुम्ही, लिहा: धम्मानंद गणवीर, प्रताप नगर, पांढरी गाडी, नऊ वर्षं जुनी. आली कॉम्प्युटरवर? येईलच. पहिल्या फ्री सर्व्हिसिंगपासून सगळं आहे त्याच्यात, एक नट बाहेर नाही बदलला मी. शेवटची सर्व्हिसिंग एप्रिलची, बरोबर, अन् मे महिन्यात टोइंग करून आणली तेव्हाची दुरुस्ती, तेही इथंच. त्याच्यानंतर गाडी चाललीच नाही, सहा-सात महिन्यांत पन्नास किलोमीटर झाले असतील, तेही या रविवारचे धरून. तक्रार? नाही, गाडीची काही तक्रार नाही. तुम्ही ते कीबोर्डवरचे हात काढा न एक मिनिट. दुर्गेशचं सांगाचं आहे मले. तुम्ही जूनमध्ये आल्या न इथं? म्हणजे तुम्ही त्याले पाहिलंच नाही. मंग तं सांगाच लागते.

मी एसटीत ड्रायव्हर होतो, एकतीस वर्षं. अहेरी, सिरोंचा, यवतमाळ, सगळीकडं. स्वतःची गाडी म्हणाल तं स्कूटर. रिटायर झालो अन् त्याच वर्षी यशोधराच्या किडनीचं निघालं — यशोधरा म्हणजे माही मिसेस. मंगळवार अन् शुक्रवार डायलिसिस, धंतोलीतल्या दवाखान्यात. पहिले तीन महिने ऑटोनं नेलं. जाताना ठीक, पण येताना तिची मान अशी लटकाची, अन् खड्डा आला की मी हात आडवा धराचो. एक दिवस म्हटलं, एकतीस वर्षं दुनियेले इकडून तिकडं नेलं, अन् घरच्या बाईले नेता येत नाही का? गाडी घेऊ. पहिले दुसऱ्याच एका शोरूममध्ये गेलो, नाव नाही घेत मी — तिथं अर्धा तास उभे होतो, चकचकीत फरशी, पाच-सहा पोट्टे टाय लावून, पण हिले बस म्हणणारा एक नाही. तिथून निघालो अन् इथं आलो. इथं दाराजवळच खुर्ची होती. बस, तेवढ्यावर गाडी घेतली म्हणा न.

दुर्गेश मंग भेटला, पहिल्या सर्व्हिसिंगले. ही गाडीतून उतरून राहिली होती — सूज असाची पायाले, एक पाय खाली टेकवला की दुसरा निघत नाही — अन् त्यानं इथून, या काचेतून पाहिलं. उठून बाहेर आला. अन् काय केलं माहीत आहे? मले नाही विचारलं. तिच्यासमोर उकिडवा बसला अन् म्हणे, "काकू, इथं खाली पकडाले काही असतं तं बरं झालं असतं का?" पुढच्या सर्व्हिसिंगले दाराच्या आत बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर मूठ बसवलेली. आहे अजून, पाहून घ्या पाहिजे तं. मंग त्याले कळलं की तिले पाणी मोजून प्यावं लागते, दिवसाचं अर्धा लिटर, तं त्यानं पँट्रीतल्या बाईले सांगून ठेवलं — गणवीर काकूंचा चहा अर्धा कप, बिनसाखरेचा, अन् भरून विचाराचं नाही. एसी तिच्या डोक्यावरचा बंद कराचा. मंगळवार-शुक्रवार आमचा डायलिसिस म्हणून आमची सर्व्हिसिंग कायम बुधवारी, त्यानंच ठरवलं. अन् जॉबकार्ड द्याचं ते तिच्या हातात. कारण ती वाचाची न! अंगणवाडीत रजिस्टरं लिहून लिहून तिले कागद वाचाची सवय — ऑइल बदललं, फिल्टर बदललं, एकेक ओळ बोट ठेवून वाचाची, अन् विचाराची, हे कशाले? तो सांगाचा. हसत सांगाचा, कधी घाईत नाही. माही पोरगी वैभवी पुण्याले असते, ती म्हणे बाबा, आता दुसरी घ्या, ऑटोमॅटिक, त्या दुसऱ्या कंपनीची चांगली आहे. मी म्हटलं, दुर्गेश तिकडं येत असन तं घेतो. डेपोतल्या अकरा लोकायले मी या शोरूमले आणलं. अकरा. कोणी म्हणलं की गाडी घ्याची आहे, तं मी गाडीचं नाही सांगाचो, याचं सांगाचो.

नाही, बसा न तुम्ही. पाणी नको.

मे महिना. शुक्रवार होता. सकाळपासूनच तिले दम लागून राहिला होता, पण दोन डायलिसिसच्या मध्ये असं होतेच, मले वाटलं नेहमीचंच. अजनीच्या पुलावर चढलो, पुढं गाड्या, मागं गाड्या, अन् ऊन असं की स्टीअरिंगले हात लागत नाही. पहिला गिअर टाकला — इंजिन ओरडून राहिलं, अन् गाडी जागची हालत नाही. जळका वास आला. क्लच. कोणी सांगाची गरजच नाही मले, नाकाले कळते. मी म्हटलं, थोडं थंड होऊ दे, निघते. एक ऑटोवाला थांबला मागं, चांगला माणूस होता, म्हणे, काकूंले देऊ का नेऊन? अन् मी काय म्हटलं? म्हटलं, जाय बाबा, दोन मिनिटांत निघते गाडी. गेला तो. दोन मिनिटं म्हणता म्हणता पंधरा मिनिटं मी त्या क्लचशी झगडून राहिलो, अन् ही मागं बसून तोंडानं श्वास घेऊन राहिली. शेवटी तिनंच तिच्या फोनवरून दुर्गेशले लावला. मले न विचारता. मी ऐकलं, ती म्हणे, "दुर्गेश, गाडी बंद पडली जी, अन् मले बरं नाही."

इथून, वर्धा रोडवरून, तो वीस मिनिटांत आला. तुमची ती टेस्ट ड्राइव्हची लाल गाडी घेऊन, गेटवर पास न लिहिता. हे मले मंग कळलं. आला, तिले दोन्ही हातांनी धरून मागच्या सीटवर झोपवली, अन् मले म्हणे, "काका, चला, बसा समोर." अन् मी...

मी म्हटलं, तू घेऊन जा, मी गाडीजवळ थांबतो. टोइंगवाला येईस्तोवर.

तुम्ही अशा काहून पाहून राहिल्या? एसटीचा ड्रायव्हर ब्रेकडाउन झालेली गाडी सोडत नाही, मॅडम. रात्र झाली, जंगल असलं, तरी गाडीजवळच थांबाचं. एकतीस वर्षं तेच केलं. तोंडातून निघून गेलं ते. तिनं मान वर करून काचेतून पाहिलं मले, अन् गाडी गेली. मी दवाखान्यात पोहोचलो तं सव्वा वाजला होता. ती पाऊण वाजता गेली. दुर्गेश कॉरिडॉरमध्ये उभा होता, तिची फाइल काखेत, अन् तिच्या चपला हातात. त्या चपला त्यानं खाली नाही ठेवल्या. माह्या हातात देल्ल्या.

हां. बोलतो. थांबा.

डॉक्टर म्हणे, आधी आणलं असतं तरी सांगता येत नाही. तसं म्हणतातच ते. मंग घर भरलं लोकायनं, वैभवी आली विमानानं, तिनं पहिलं काय विचारलं? "बाबा, गाडी बंद कशी पडली?" सगळे माह्या तोंडाकडं. मी म्हटलं, "परवा एप्रिलमध्ये तं सर्व्हिसिंग झाली होती." खोटं आहे का हे? खोटं नाही. पण ती तिथंच पेटली. लेक आहे, आई गेली तिची, कोणावर तरी राग काढाले पाहिजे न. लॅपटॉप उघडला अन् कंपनीच्या हेड ऑफिसले लांबलचक मेल, इंग्रजीत — सर्व्हिसिंग करून महिना नाही झाला अन् क्लच गेला, अ‍ॅडव्हायझरनं काही सांगतलं नाही, माह्या आईचा जीव गेला. मले वाचून दाखवला. मी हो म्हटलं. बारा दिवसांनी हेड ऑफिसमधून फोन आला, एक बाई, गोड आवाज, म्हणे हा कॉल रेकॉर्ड होऊन राहिला आहे — "सर, आपल्याला क्लचप्लेटबद्दल अ‍ॅडव्हायझरने कल्पना दिली होती का?" वैभवी समोर बसली होती. तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता. मी म्हटलं —

मी म्हटलं, नाही.

एवढंच. एक शब्द. पाहा बरं तुम्ही कॉम्प्युटरवर, एप्रिलच्या जॉबकार्डात क्लचप्लेटचं काही लिहिलेलं आहे का? नाही न? नाहीच सापडणार. कारण मीच लिहू नाही देल्लं. बुधवार होता, मी गाडी घ्याले एकटाच आलो होतो, याच खुर्चीत बसलो होतो, तो तुमच्या जागी. म्हणे, "काका, क्लचप्लेट पूर्ण घासली आहे, याच वेळी करून घेऊ. दोन दिवस ठेवावी लागन." मी म्हटलं, शुक्रवारी डायलिसिस आहे. म्हणे, "शुक्रवारी मी गाडी पाठवतो न घरी, काकूंले नेऊन आणून सोडू, तुम्ही काळजी नका करू." मले राग आला. कशाचा? मी माह्या बायकोले दुसऱ्याच्या गाडीत पाठवू? अन् क्लच मले शिकवतो का तू, म्हटलं, एकतीस वर्षं माह्या पायाखाली क्लच होता, तुह्या वयाएवढी गाडी चालवली मी, पुढच्या सर्व्हिसिंगले करू. तो कागदावर लिहाले लागला, कस्टमरने नकार दिला म्हणून — तसं लिहावंच लागते न तुम्हाले? — तं मी त्याचा हात धरला. म्हटलं, लिहू नको गा, तुह्या काकू वाचतात, वाचलं तं म्हणतीन गाडी आत्ताच्या आत्ता ठेवा, ऑटोनं जाऊ, अन् मले ते नको आहे. त्यानं माह्याकडं पाहिलं. म्हणे, "काका, पक्कं पुढच्या महिन्यात आणा." अन् पेन ठेवून देल्ला. नऊ वर्षांत त्यानं माही एक गोष्ट नाही मोडली. तेवढी मोडली असती तं.

म्हणून साहेबांसमोर जेव्हा चौकशी झाली, तं त्याच्याजवळ काय होतं दाखवाले? काही नाही. कागद कोरा. वरून टेस्ट ड्राइव्हची गाडी बिनापासची नेलेली. काढलं त्याले. मले ऑगस्टमध्ये कळलं, आमच्या डेपोतला लहानू सर्व्हिसिंगले आला होता, तो सांगत आला घरी — तुह्या त्या दुर्गेशले हाकललं गा, बरं झालं, वहिनीचा जीव घेतला त्यानं. मी त्याले चहा पाजला. मंग ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. रोज सकाळी गाडीचं कव्हर काढाचो, धूळ पुसाचो, अन् कव्हर परत घालाचो. हे करून राहिलो होतो मी.

रविवारी गेलो शेवटी. हिंगण्याकडं घर आहे त्याचं. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मिनल नाव तिचं, तिनं ओळखलं नाही मले, पण तो मागून आला अन् दारातच थांबला. मले वाटलं होतं तो म्हणन, या काका, बसा. मनात तेच धरून गेलो होतो, खोटं काहून बोलू? नाही म्हटलं त्यानं. म्हणे, "काका, तुम्ही एक शब्द खरा बोलले असते." मी उभाच. नुसते हात जोडले. मंग तो म्हणे, "एक गोष्ट तुमची आहे माह्याजवळ, ती घेऊन जा. मले नाही ठेवाची."

अन् सांगतलं त्यानं, दारात उभ्या उभ्या. म्हणे, पुलावरून खाली उतरलो तं काकू म्हणाल्या, "दुर्गेश, त्यांच्याजवळ पाणी नाही जी. बाटली माह्याच पिशवीत राहिली, अन् ते उन्हात उभे आहेत." तिचं पाणी मोजलेलं, तिचा श्वास पुरत नाही, अन् ही बाई माह्या पाण्याचं बोलून राहिली. म्हणून त्यानं गाडी चालवता चालवता टोइंगवाल्याले फोन लावला, पहिले पाणी घे, मंग पुलावर जा. आला होता टोइंगवाला, मॅडम. उतरल्या उतरल्या त्यानं गाडीकडं पाहिलंच नाही, थंडगार बाटली पहिले माह्या हातात देल्ली. मी उभ्यानं पूर्ण बाटली पिलो. अन् मनात काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, वा, सर्व्हिस असावी तं अशी. तेव्हा ती धंतोलीत — नाही, तेव्हा पाऊण वाजून गेला होता.

अन् अजून एक. तिनं त्याले विचारलं, "क्लच गेला न? तुम्ही सांगतलं होतं न त्यांना?" कागदावर नव्हतं तरी तिले कळलं. चाळीस वर्षं झाली होती लग्नाले, कळणारच. तो म्हणे, मी हो म्हटलं. तं हसली म्हणे. म्हणे, "ते नाही ऐकत कोणाचं. पण त्यांच्यावर रागावू नका जी, ते आतून मोडतीन." दुर्गेश मले म्हणे, "म्हणून साहेबांसमोर मी चूप राहिलो, काका. तुमच्यासाठी नाही. अन् रागावलो मी, काकूंचं ते नाही ऐकू शकलो, खूप रागावलो. पण बोललो नाही." अन् मंग म्हणे, "या तुम्ही आता." दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तं बरं वाटलं असतं मले.

ती मिनल मागून फाटकापर्यंत आली. म्हणे, यांना मिहानमध्ये विमानाच्या पार्टच्या स्टोअरमध्ये नोकरी लागून राहिली होती, सगळं ठरलं होतं, पण इथून काढताना जे पत्र देल्लं त्याच्यात लिहिलं आहे — हलगर्जीपणामुळे. ते पाहून तिथं अडलं. महिनाअखेर मुदत आहे. आता तो एका गॅरेजमध्ये बसते, पंक्चरपासून सगळं करते. ती काही मागून नाही राहिली होती, नुसतं सांगून राहिली होती.

म्हणून हे. हा अर्ज आहे, घ्या. माह्या हातानं लिहिला, मराठीत लिहिला, कोणाले लिहाले नाही लावला. एप्रिलच्या त्या बुधवारी दुर्गेशनं मले क्लचप्लेटचं स्पष्ट सांगतलं होतं, बदली गाडी द्यालेही तयार होता, मी नकार देल्ला, अन् जॉबकार्डावर लिहू नको असं मीच म्हटलं, अन् फोनवर मी खोटं बोललो. खाली सही, तारीख, आधार नंबर. वैभवीलेही काल दुपारी फोन करून सांगतलं. सगळं, ऑटोवाल्यासकट. तिनं फोन ठेवून देल्ला. अजून नाही आला तिचा. जा न, तुमच्या साहेबांले दाखवून या, मी बसतो.

आल्या? काय म्हणे साहेब? जुनी केस आहे, बंद झाली — हो. आपण जुने ग्राहक आहात, मनाले लावून नका घेऊ — बरं. अन् हे काय? कूपन? फ्री वॉशिंग, फ्री पॉलिश. मॅडम, मी कबुली देऊन राहिलो अन् तुम्ही मले पॉलिश करून देता? नाही नाही, तुमच्यावर नाही ओरडत मी, तुमचं काय चुकलं. हे वापस घ्या. साहेबांले म्हणा, गणवीर इथून उठत नाही. अर्जावर शिक्का मारा, आवक नंबर टाका, अन् दुर्गेशचं ते पत्र बदलून द्या. दुपार झाली तरी बसतो, उद्या परत येतो, परवा परत येतो, मले दुसरं काम नाही. अन् माह्यासोबत ते अकरा जण येतीन, लहानूसकट, सगळ्यायले मी सांगणार आहे. मीच आणले होते त्यायले, मीच सांगन.

हो, जा. बोला त्यांच्याशी.

...शिक्का आहे हा? दाखवा. आजची तारीख. अन् पत्राचं? हेड ऑफिसले पाठवतो म्हणे, सोमवारपर्यंत. लिहून द्या म्हणा. तुम्ही देता लिहून? तुमच्या सहीनं? राहू द्या पोरी, तुम्ही नका अडकू याच्यात, एक जण गेला आहे या टेबलावरून. साहेबांची सही पाहिजे मले. सोमवारी दहा वाजता येतो मी. या शिक्क्याच्या अर्जाची झेरॉक्स मिनलच्या हातात देतो आज, दारात नाही जाणार, फाटकाजवळूनच देतो.

अन् डोळे पुसा तुम्ही, गिऱ्हाईकं पाहून राहिली आहेत. अठरा नंबर केव्हाचा उभा आहे मागं.

काय? गाडी? हो, गाडीचं राहिलंच. चाबी घ्या. कराचं ते सगळं करा, जे निघन ते सगळं कागदावर लिहा, काही सोडू नका. कधीपर्यंत पाहिजे?

मले कधीपर्यंत पाहिजे...

मंगळवार-शुक्रवार मोकळाच आहे आता. बोलवा पुढच्याले.